बहुमत होते, गृहखाते नव्हते

४ नोव्हेंबर १९४५ रोजी हंगेरीच्या जनतेने तोवरच्या आपल्या इतिहासातील सर्वांत मोकळ्या निवडणुकीत मतदान केले. अल्पभूधारक शेतकरी पक्षाला ५७ टक्के मते आणि ४०९ पैकी २४५ जागा मिळाल्या. सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आणि कम्युनिस्ट पक्ष यांना प्रत्येकी सुमारे १७ टक्के, तर राष्ट्रीय किसान पक्षाला जेमतेम ७ टक्के मते पडली. कौल इतका स्पष्ट होता की त्याबद्दल दुमत होण्याचे कारण नव्हते. तरीही चार वर्षांच्या आत, १५ मे १९४९ रोजी, त्याच मतदारांपुढे उमेदवारांची एकच यादी ठेवण्यात आली. बहुमत मिळवणारा पक्ष नामशेष झाला होता, सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे विसर्जन झाले होते, आणि सहापैकी जेमतेम एका मतदाराचा पाठिंबा ज्याला मिळाला होता तो पक्ष राज्यसंस्थेचा एकमेव धनी झाला होता.

हा बदल एका रात्रीत झाला नाही. रणगाडे आणून संसदभवन वेढल्याचा प्रसंग त्या चार वर्षांत एकदाही आला नाही. एकामागून एक कायदे संमत होत गेले, मंत्रिमंडळाचे ठराव होत गेले, पक्षांतून हकालपट्ट्या होत गेल्या. आणि यांतील बहुतेक पावलांना आघाडीतील कोणत्या ना कोणत्या घटकपक्षाची संमती होती. लोकशाही समाजवादाच्या कार्यकर्त्यांनी हंगेरीच्या या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळून पाहिले पाहिजे ते याच कारणासाठी. परकीय सत्तेने एका लहान राष्ट्रावर केलेल्या अन्यायाची ही कहाणी आहेच. पण समाजवादी पक्षाने स्वतःच्या मृत्यूलेखावर स्वतःच्या सहीने शिक्कामोर्तब कसे केले, याचीही ती कहाणी आहे.

हंगेरीत संमिश्र सरकार स्थापन होणे मुळात गैर नव्हते. हॉर्टी यांच्या राजवटीत तो देश हिटलरच्या जर्मनीचा साथीदार बनला होता. शेतीची रचना सरंजामी होती. प्रचंड जहागिरी मूठभर उमराव घराण्यांकडे आणि चर्चकडे होत्या, आणि लक्षावधी भूमिहीन मजूर त्यांच्या दारी राबत होते. डिसेंबर १९४४ मध्ये देब्रेत्सेन या शहरी अस्थायी राष्ट्रीय सभा भरली आणि जनरल बेला दाल्नोकी मिक्लोश यांच्या नेतृत्वाखाली फॅसिझमविरोधी पक्षांचे सरकार बनले, तेव्हा राजधानी बुडापेस्ट अजून जर्मनांच्या ताब्यात होती. या सरकारने मार्च १९४५ मध्ये जमीन सुधारणेचा वटहुकूम काढला. त्या वेळी शेतीखाते कम्युनिस्ट पक्षाचे इम्रे नागी यांच्याकडे होते. सुमारे ३२ लाख हेक्टर जमीन सरकारने ताब्यात घेतली आणि तिच्यातील मोठा भाग सुमारे ६ लाख ४० हजार कुटुंबांत वाटला. शतकानुशतके टिकलेली सरंजामशाही काही महिन्यांत मोडून पडली. ही कामगिरी आघाडीची होती, आणि तिचे श्रेय कोणत्याही घटकपक्षाला नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

प्रश्न उद्भवला तो पुढे. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीच दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण आयोगाचे सोव्हिएत अध्यक्ष मार्शल वोरोशिलोव यांनी सर्व पक्षांची एकच संयुक्त यादी असावी आणि जागांची वाटणी मतदानापूर्वीच ठरावी, असा आग्रह धरला होता. अल्पभूधारक पक्षाने तो मानला नाही. पण निकाल काहीही लागला तरी आघाडी चालूच ठेवण्याचे त्याने मान्य केले. संसदेत ६० टक्के जागा मिळवणाऱ्या पक्षाला त्यामुळे मंत्रिमंडळात सुमारे निम्म्याच जागांवर समाधान मानावे लागले. झोल्तान तिल्डी पंतप्रधान झाले. कम्युनिस्ट पक्षाचे मात्याश राकोशी आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे आर्पाद साकाशित्स उपपंतप्रधान झाले. खरा वाद झाला तो गृहखात्यावरून. बहुमतवाल्या पक्षाला ते आपल्याकडे हवे होते. वोरोशिलोव यांच्या दडपणामुळे ते कम्युनिस्टांकडे गेले. प्रथम इम्रे नागी आणि मार्च १९४६ पासून लास्लो राइक यांच्या हाती पोलीस यंत्रणा आली. राजकीय पोलिसांच्या शाखेवर तर कम्युनिस्ट पक्षाची पकड त्याआधीच बसलेली होती.

वाटाघाटींच्या मेजावर खाते म्हणजे केवळ एक खुर्ची वाटते. कोणाला अर्थ, कोणाला शेती, कोणाला शिक्षण, असा हिशेब मांडला जातो आणि बेरीज जुळली की सारे समाधानाने उठतात. पण कोणाच्या घरावर पहाटे थाप पडावी, कोणाच्या जबानीत कोणाचे नाव यावे आणि कोणती सभा उधळली जात असता पोलिसांनी पाठ फिरवावी, हे ज्या खात्यात ठरते ते खाते इतर खात्यांसारखे नसते. १९४५ च्या हिवाळ्यात हंगेरीच्या बहुमतवाल्या पक्षाने या एका खात्यावरील हक्क सोडला, तेव्हा बाकीच्या खात्यांचे मोलही त्याने गमावले.

त्या काळच्या आर्थिक परिस्थितीचा विचार न करता केवळ राजकीय डावपेच सांगणे एकांगी होईल. युद्धाने देश उद्ध्वस्त झाला होता. सोव्हिएत रशिया, युगोस्लाव्हिया आणि चेकोस्लोव्हाकिया यांना मिळून ३० कोटी डॉलरची युद्धखंडणी द्यायची होती. जुलै १९४६ मध्ये चलनवाढीने असा उच्चांक गाठला की जगाच्या इतिहासात तिला तोड नाही. अवघ्या १५ तासांत किमती दुप्पट होत होत्या. १ ऑगस्ट १९४६ रोजी फोरिंट हे नवे चलन आले, तेव्हा एका फोरिंटच्या मोबदल्यात मोजायच्या जुन्या पेंग्योंचा आकडा चारावर एकोणतीस शून्ये इतका होता. फोरिंट टिकला. कामगाराला आठवड्याच्या मजुरीत पुन्हा भाकरी मिळू लागली, आणि कम्युनिस्ट पक्षाला या यशाचे श्रेय मिळाले. परंतु याच काळात कच्चा माल आणि कर्जपुरवठा यांचे वाटप सर्वोच्च आर्थिक परिषदेकडे सोपवले गेले, आणि तिचा कारभार कम्युनिस्ट पक्षाच्या झोल्तान वाश यांच्या हाती होता. पोलीस आणि कर्ज या दोन्हींच्या चाव्या ज्याच्या कमरेला, त्याला संसदेतील संख्याबळाची फारशी चिंता करण्याचे कारण उरले नाही.

१ फेब्रुवारी १९४६ रोजी हंगेरी प्रजासत्ताक झाले. तिल्डी राष्ट्राध्यक्ष झाले आणि पंतप्रधानपदी फेरेन्त्स नागी आले. त्यानंतर महिनाभरातच, ५ मार्च रोजी, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, राष्ट्रीय किसान पक्ष आणि कामगार संघटनांची परिषद यांनी मिळून डावी फळी उभारली. आघाडीच्या पोटात ही दुसरी आघाडी होती, आणि तिचा रोख आघाडीतीलच सर्वांत मोठ्या पक्षावर होता. बुडापेस्टमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. जनतेच्या शत्रूंना आघाडीतून हाकला, अशी मागणी झाली. १२ मार्च रोजी अल्पभूधारक पक्षाने देझो शुयोक आणि त्यांचे सहकारी अशा २० प्रतिनिधींना पक्षातून काढले. उजव्यांचा बळी देऊन मधल्यांचा बचाव होईल, असा पक्षाच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता.

याच महिन्यात लोकशाही राज्यव्यवस्थेच्या संरक्षणाच्या नावाने १९४६ चा सातवा कायदा संमत झाला. प्रजासत्ताकाविरुद्धच्या गुन्ह्यांची त्यातील व्याख्या इतकी सैल होती की टीकेलाही कटाचे रूप देता यावे. हंगेरीच्या जनतेने पुढे या कायद्याला ‘जल्लादाचा कायदा’ असे नाव दिले. हा कायदा झाला तेव्हा न्यायखाते सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे इश्त्वान रीस यांच्याकडे होते, ही गोष्ट समाजवाद्यांनी विसरता कामा नये. १९५० साली त्याच रीस यांना अटक झाली आणि तुरुंगातील मारहाणीने त्यांचा अंत झाला.

१९४६ च्या अखेरीस राजकीय पोलिसांनी प्रजासत्ताकाविरुद्धचा एक ‘कट’ उघडकीस आणल्याचे जाहीर केले. पडद्याआड भेटणारी काही मंडळी होती, त्यांत सरकारवर नाराज असलेले जुने अधिकारी होते. पण अटकेतील लोकांच्या जबान्यांतून या कटाचे धागे अल्पभूधारक पक्षाचे सरचिटणीस बेला कोवाच यांच्यापर्यंत नेण्यात आले. त्यांचे संसदीय संरक्षण काढून घ्यावे अशी मागणी झाली, आणि संसदेने ती नाकारली. तेव्हा २५ फेब्रुवारी १९४७ रोजी सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्यांनीच कोवाच यांना पकडले. पुढील आठ वर्षांहून अधिक काळ ते सोव्हिएत कैदेत होते. अमेरिका आणि ब्रिटन यांनी निषेधाचे खलिते पाठवले. खलित्यांनी कोवाच सुटले नाहीत.

मे महिन्यात पंतप्रधान फेरेन्त्स नागी विश्रांतीसाठी स्वित्झर्लंडला गेले असता त्यांचेही नाव कटात गोवण्यात आले. परत आल्यास अटक होणार, हे स्पष्ट होते. त्यांचा लहान मुलगा हंगेरीत होता. मुलगा सुखरूप त्यांच्या हाती आला तेव्हाच त्यांनी राजीनाम्याचा कागद दिला. एका देशाच्या निवडून आलेल्या पंतप्रधानाची सत्ता अशा देवघेवीने संपावी, यापेक्षा लोकशाहीची अधिक विटंबना कोणती? त्यांच्या जागी आलेले लायोश दिन्येश हे त्याच पक्षाचे होते. पण पक्षाचे नाव तेवढे शिल्लक होते.

३१ ऑगस्ट १९४७ च्या निवडणुकीआधी काही लाख नागरिकांची नावे मतदारयादीतून वगळली गेली. बाहेरगावी असलेल्या मतदारांसाठी काढलेल्या निळ्या चिठ्ठ्या घेऊन मालमोटारींतून टोळ्या गावोगाव फिरल्या आणि ठिकठिकाणी मते टाकत गेल्या. एवढे करूनही कम्युनिस्ट पक्षाला मिळाली ती २२ टक्के मते. नव्या विरोधी पक्षांना मात्र मोठा पाठिंबा मिळाला. त्यांतील हंगेरियन स्वातंत्र्य पक्षाच्या ४९ जागा निवडणुकीनंतर थोड्याच महिन्यांत रद्द करण्यात आल्या. ज्या अल्पभूधारक पक्षाने १९४५ मध्ये ५७ टक्के मते मिळवली होती तो १५ टक्क्यांवर आला. विरोधकांना एकेक चकती कापून संपवण्याच्या या तंत्राला राकोशी यांच्या नावाशी जोडलेला ‘सालामी’ हा शब्द जगभर रूढ झाला. सालामी हा सुकवलेल्या मांसाचा लांबट रोळ. त्याची पातळ चकती कापली तर रोळ कमी झाल्याचे चटकन लक्षात येत नाही.

आता उरला होता सोशल डेमोक्रॅटिक पक्ष. इतर चकत्या कापल्या जात असताना तो सुरी धरणाऱ्याच्या शेजारी उभा होता. त्याच्या पुढाऱ्यांचा युक्तिवाद नेहमी एकच असे : समोरचा पक्ष प्रतिगामी आहे, कामगारवर्गाची एकजूट मोडता कामा नये, आणि एकजुटीसाठी थोडे सोसले पाहिजे. त्या पक्षातही वेगळा सूर काढणारे होते. माउटहाउझेनच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेले जुने कामगार पुढारी कारोय पेयर यांनी स्वतंत्र बाणा सोडला नाही; १९४७ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. १९२२ पासून संसदेत कामगारांची बाजू मांडणाऱ्या आना केथ्ली यांनी विलीनीकरणाला विरोध केला. १९४८ च्या प्रारंभी त्यांना पक्षातूनच काढून टाकण्यात आले. विरोधक गेल्यावर विलीनीकरण सोपे झाले. १२ जून १९४८ रोजी दोन्ही पक्षांची संयुक्त परिषद सुरू होऊन हंगेरियन श्रमिक जनता पक्ष जन्माला आला. साकाशित्स अध्यक्ष झाले, राकोशी सरचिटणीस. कोणाकडे पद गेले आणि कोणाकडे सत्ता, हे लवकरच दिसून आले. जुलैअखेर तिल्डी यांना राष्ट्राध्यक्षपद सोडावे लागले आणि साकाशित्स यांना ते मिळाले. १९५० मध्ये साकाशित्स तुरुंगात होते. आना केथ्ली यांनाही त्याच वर्षी अटक झाली आणि १९५४ पर्यंत त्या कैदेत राहिल्या. ज्या लास्लो राइक यांच्या गृहखात्याने ही सारी यंत्रणा चालवली त्यांनाही तिने सोडले नाही. १५ ऑक्टोबर १९४९ रोजी, खोट्या आरोपांवरून, ते फासावर गेले. त्यांच्यामागून गृहमंत्री झालेले यानोश कादार हेही १९५१ मध्ये गजांआड गेले.

या सर्व घटनाक्रमावर एक उत्तर ठरलेले असते. सोव्हिएत फौज देशात होती, महासत्तांनी युरोपची वाटणी केली होती. हंगेरीतील पक्षांनी काहीही केले असते तरी शेवट हाच झाला असता. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि बंदुकीच्या छायेत वावरणाऱ्या माणसांना सुरक्षित अंतरावरून शौर्याचे धडे देणे शोभत नाही. परंतु हे उत्तर पुरेसे नाही. बेला कोवाच यांचे संरक्षण काढून घेण्यास संसदेने नकार दिला, तेव्हा परकीय सैन्याला उघडपणे पुढे यावे लागले. ज्या ज्या वेळी संमती मिळाली त्या त्या वेळी बळजबरीला कायद्याचे वस्त्र मिळाले. ज्या एका वेळी ती मिळाली नाही, त्या वेळी बळजबरी जगापुढे उघडी पडली. हा फरक लहान नाही.

फिनलंडचे उदाहरणही डोळ्यांआड करता येत नाही. तोही युद्धात हरलेला देश होता, त्याच्यावरही ३० कोटी डॉलरची युद्धखंडणी होती, आणि तेथेही सोव्हिएत अध्यक्षतेखाली नियंत्रण आयोग बसला होता. १९४५ च्या निवडणुकीत कम्युनिस्टांच्या आघाडीला २०० पैकी ४९ जागा मिळाल्या होत्या, म्हणजे हंगेरीतील कम्युनिस्टांहून ते तेथे अधिक बलवान होते. गृहखातेही कम्युनिस्ट पक्षाचे युर्यो लेइनो यांच्याकडे होते. पण तेथील सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने विलीनीकरणाची वाट धरली नाही. कामगार संघटनांत आणि निवडणुकीत त्याने आपले स्थान राखले. मे १९४८ मध्ये संसदेने लेइनो यांच्यावर अविश्वास व्यक्त केला, राष्ट्राध्यक्ष पासिकिवी यांनी त्यांना पदमुक्त केले, आणि त्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट फागरहोल्म यांचे सरकार आले. फिनलंडवर सोव्हिएत फौजेचा कब्जा नव्हता, हा भेद मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण एका देशात समाजवादी पक्ष स्वतंत्र राहिला आणि लोकशाही टिकली; दुसऱ्या देशात समाजवादी पक्ष विरघळला आणि लोकशाहीचा शेवटचा आधार गेला, हाही योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आघाडी मोडली नसती तर जमीनदार आणि भांडवलदार परत आले असते काय? या प्रश्नाचे उत्तर १९५६ ने दिले. ३० ऑक्टोबरला इम्रे नागी यांनी एकपक्षीय राजवट संपल्याचे आणि १९४५ च्या आघाडीतील पक्षांच्या सहकार्याने राज्य चालवण्याचे जाहीर केले. ३ नोव्हेंबरला बनलेल्या मंत्रिमंडळात झोल्तान तिल्डी होते, कैदेतून परतलेले बेला कोवाच होते, आना केथ्ली होत्या, किसान पक्षाच्या परंपरेतील विचारवंत इश्त्वान बिबो होते. यांतील एकानेही जमिनी जहागीरदारांना आणि कारखाने मालकांना परत करण्याची भाषा केली नाही. उमराव आणि बँकवाले यांची दुनिया संपली, ती परत येणार नाही, असे कोवाच यांनी जाहीरपणे सांगितले. कारखान्याकारखान्यांत कामगारांनी आपल्या परिषदा निवडल्या. त्या जनतेला समाजवादाच्या जोडीला मत, संघटना आणि निर्भयता हवी होती. त्या सरकारला एक दिवस मिळाला. ४ नोव्हेंबरच्या पहाटे, १९४५ च्या त्या निवडणुकीला बरोबर अकरा वर्षे पूर्ण होत असताना, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. व्हिएन्नाला गेलेल्या आना केथ्ली यांना मायदेशी परतता आले नाही. बिबो संसदभवनात एकटे बसून निवेदन टंकलिखित करत राहिले. इम्रे नागी यांना १६ जून १९५८ रोजी फाशी देण्यात आली.

भारताचा या प्रकरणाशी आलेला संबंधही विसरण्याजोगा नाही. हंगेरीत मुक्त निवडणुका व्हाव्यात या ९ नोव्हेंबर १९५६ च्या राष्ट्रसंघातील ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. जयप्रकाश नारायण यांनी नेहरू सरकारच्या या भूमिकेवर उघड टीका केली. त्याच महिन्यात मुंबईत आशियाई समाजवादी परिषद भरली होती, आणि बुडापेस्टच्या बातम्या तेथे जमलेल्या प्रतिनिधींच्या कानांवर रोज आदळत होत्या. दुसरीकडे बिबो यांचा तडजोडीचा मसुदा भारताचे राजदूत के. पी. एस. मेनन यांच्यापर्यंत पोचवण्याची खटपट आर्पाद गोंत्स यांनी केली. तडजोड झाली नाही. बिबो आणि गोंत्स दोघांनाही जन्मठेपेची शिक्षा झाली. हेच गोंत्स १९९० मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. भारतीय समाजवाद्यांना तर या रोगाची लक्षणे फार आधी कळली होती. १९३६ मध्ये एकजुटीच्या भावनेने काँग्रेस समाजवादी पक्षाने कम्युनिस्टांना दारे उघडली. १९४० मध्ये ती बंद करावी लागली, तोपर्यंत केरळातील जवळजवळ संपूर्ण शाखा हातची गेली होती.

यातून आघाड्याच नकोत असा निष्कर्ष काढणे चूक होईल. समाजवादी पक्ष क्वचितच एकट्याच्या बळावर सत्तेवर येतात. इतरांशी हात मिळवल्यावाचून जमिनीचे वाटप झाले नसते आणि फोरिंटही स्थिर झाला नसता. आघाडी करताना कार्यक्रमावर तडजोड करावी लागते आणि ती करण्यात कमीपणा नाही. तडजोड करता येत नाही ती विरोधकाच्या हक्कांवर. ज्या पक्षाशी मतभेद आहेत त्याचा प्रतिनिधी खोट्या जबानीवर पकडला जात असेल, त्याची सभा उधळली जात असेल, त्याच्या मतदाराचे नाव यादीतून खोडले जात असेल, तर तो प्रतिगामी आहे की पुरोगामी हा प्रश्न त्या क्षणी गौण मानला पाहिजे. हंगेरीच्या सोशल डेमोक्रॅटांनी तो मुख्य मानला. अल्पभूधारकांनी स्वतःचे २० सहकारी दिले, सोशल डेमोक्रॅटांनी अल्पभूधारकांना दिले, आणि शेवटी द्यायला स्वतःवाचून कोणी उरले नाही.

म्हणून आघाडीच्या कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी समाजवादी कार्यकर्त्याने आपल्या नेतृत्वाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पोलीस कोणाच्या हाती राहणार? मतदारयादी कोण तयार करणार? आणि मित्रपक्षाने उद्या एखाद्या विरोधकाचा बळी मागितला, तर पक्ष नाही म्हणणार की नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे करारात लिहून घेता येतात. तिसऱ्याचे उत्तर करारात लिहिता येत नाही. ते पक्षाच्या शाखांत, कार्यकर्त्यांच्या मनात आधीपासून तयार असावे लागते. हंगेरीत आना केथ्ली यांच्याजवळ ते होते. त्यांच्या पक्षाजवळ ते असते, तर १९४८ च्या जूनमध्ये निदान एवढे झाले असते की पक्ष मोडण्यासाठी कोणाला तरी तो उघडपणे मोडावा लागला असता.